माझा फोन माझ्या ताब्यात नाही, बाबांचा त्यांच्या

प्रश्न थोडक्यात: कोथरूडचे एक वाचक, चाळिशीतले, एका कंपनीत अकाउंट्सला आहेत. फोन चार वर्षांचा, बॅटरी-स्क्रीन ठणठणीत. पण कंपनीने अपडेट देणं बंद केलंय, आणि जाता जाता शेवटच्या अपडेटमधून लॉक स्क्रीनवर जाहिराती आल्या, शिवाय चार-पाच अशी अ‍ॅप जी काढताच येत नाहीत. ऑफिसमधला मित्र म्हणतो, 'रूट कर, कस्टम रॉम टाक, विषय संपला.' (कस्टम रॉम म्हणजे कंपनीऐवजी दुसऱ्यांनी बनवलेली अँड्रॉइड, रूट म्हणजे काय ते पुढे येतंच.) यांचं मत आता पक्कं झालंय की फोन विकत घेतला की त्यातल्या सॉफ्टवेअरवर शंभर टक्के ताबा गिऱ्हाइकाचा, तसा कायदाच पाहिजे. पण यांचे वडील, वय ७३, सदाशिव पेठेत एकटे राहतात. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नपत्रिका उघडली, ती निघाली एपीके, म्हणजे अ‍ॅप इन्स्टॉल करणारी फाइल, आणि खात्यातून ३८ हजार गेले. त्यानंतर मुलाने त्यांच्या फोनवरचं यूपीआय काढून टाकलं, प्ले स्टोअरला पासवर्ड घातला, सेटिंग्जला अ‍ॅप लॉक लावलं. वडील आता नीट बोलत नाहीत. म्हणतात, 'फोन माझा, पेन्शन माझी, आणि कुलूप तुझं?' वाचक विचारतात, माझ्या फोनचं काय करू, आणि बाबांना काय सांगू?

तुम्ही हे दोन वेगळे प्रश्न म्हणून लिहिलेत, मधे एक ओळ सोडून. मला तो एकच वाटतोय. कंपनीने तुमच्या फोनचं जे केलं तेच तुम्ही बाबांच्या फोनचं केलंत, आणि कारणही शब्दाला शब्द तेच, सुरक्षेसाठी. लगेच रागावू नका. कंपनीच्या मनात जाहिरातीचे पैसे होते, तुमच्या मनात काळजी होती, एवढा फरक मलाही कळतो. पण सदाशिव पेठेत बसून त्या स्क्रीनकडे बघणाऱ्या माणसाला काय दिसतं? काल चालत होतं ते आज चालत नाही, आणि मला कुणी विचारलं नाही. तुम्हाला लॉक स्क्रीनवर जाहिरात बघून जे वाटलं ना, अगदी तेच.

म्हणून आधी त्या 'शंभर टक्के ताबा'कडे बघू, कारण तिथे तुम्ही बऱ्याच गोष्टी एका पोत्यात भरल्यात.

नको असलेलं अ‍ॅप काढता येणं हा एक ताबा. प्ले स्टोअर सोडून दुसरीकडून अ‍ॅप घेता येणं हा दुसरा. बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम, त्याचं कुलूप उघडून कंपनीची अख्खी सिस्टिमच बदलता येणं हा तिसरा. आणि रूट, म्हणजे चालू सिस्टिममध्ये कुठेही हात घालायची परवानगी, हा त्याच्याही पुढचा. तुमचा मित्र रूट आणि कस्टम रॉम एका दमात बोलतो पण त्या वेगळ्या गोष्टी आहेत, लिनिएजओएस हे मोफत कस्टम रॉम टाकलं की फोन आपोआप रूट होत नाही. तुमची तक्रार वाचली तर ती जवळजवळ सगळी पहिल्या प्रकारची आहे, जाहिराती आणि नको असलेली अ‍ॅप, आणि उपाय मात्र तुम्ही थेट चौथ्या मजल्यावरचा शोधताय.

स्कूटरचं घ्या. नाना पेठेत जाऊन तुम्ही सीट बदला, हेडलाइट बदला, कंपनीवाले येऊन अडवत नाहीत, फार तर वॉरंटी नाही म्हणतात. फाटका सायलेन्सर लावलात तर मात्र पोलीस पकडणार, कारण त्याचा त्रास दुसऱ्याला होतो. फोनमध्येही असा एक भाग आहे, मोडेमचं फर्मवेअर, म्हणजे त्या चिपमधलं सॉफ्टवेअर, जे टॉवरशी बोलतं, ते सगळ्यांच्या नेटवर्कवर चालतं आणि तिथे कुणीही उठून काहीही बदलावं असं मलाही वाटत नाही. पण लॉक स्क्रीनवरची जाहिरात काढल्याने शेजाऱ्याचं काय बिघडतं?

तर कायद्याबद्दल मी तुमच्या बाजूने आहे, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. माझ्या मते प्रत्येक फोनला बूटलोडर उघडायची अधिकृत सोय असावी, निदान कंपनीने अपडेट बंद केल्यावर तरी असलीच पाहिजे, कारण तुम्ही देणार नाही आणि दुसऱ्याला देऊ पण देणार नाही हे कुठल्या न्यायात बसतं? ती सोय कटकटीची असली तरी चालेल. शाओमीने कितीतरी वर्षं अनलॉकसाठी १६८ तास, म्हणजे सात दिवस थांबायला लावलं, लोक वैतागायचे, पण निदान दार होतं. हुआवेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणंच बंद केलं. गूगलच्या पिक्सेलवर उलट हे काम सोपं आहे, आणि त्यावर ग्राफिनओएस हे सुरक्षेवर भर देणारं रॉम टाकून बूटलोडर परत लॉकसुद्धा करता येतो. म्हणजे सुरक्षा आणि मालकी एकत्र नांदत नाहीत हे जे कंपन्या सांगतात ते पूर्ण खरं नाही, करायचं म्हटलं तर होतं.

यातली गंमत म्हणजे अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आहे. त्याचं लायसन्स जीपीएल आवृत्ती २, त्यामुळे फोन विकणाऱ्या कंपनीला त्या कर्नलचा सोर्स कोड द्यावा लागतो. पण तुम्ही बदललेला कोड त्याच फोनवर चालू दिलाच पाहिजे अशी अट त्यात नाही. ही पळवाट बुजवायला २००७ मध्ये आवृत्ती ३ आली, पण लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स २ वरच ठेवलं. म्हणून आज अशी स्थिती आहे की कोड वाचायला मोकळीक, फोनमध्ये घालायला बंदी.

आपल्याकडेही हे प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेलंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या बाबतीत गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला, सोबत बरेच निर्देश दिले, त्यात एक होता की आधीपासून घालून दिलेली गूगलची अ‍ॅप लोकांना काढू द्या. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला पण काही निर्देश रद्द केले, आणि हा नेमका त्यात गेला. आणि फक्त कंपन्यांनाच मोह होतो असंही नाही बरं का. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढला होता की संचार साथी अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून द्या. त्यावर इतकी ओरड झाली की ३ डिसेंबरला मागे घ्यावा लागला. अ‍ॅप वाईट नाहीये, चोरीला गेलेला फोन ब्लॉक करायला कामाचंच आहे, पण माझ्या फोनमध्ये काय असावं हे परस्पर दुसऱ्याने ठरवायचं, लोकांना खटकलं ते तिथे.

आता उरलेली अर्धी वाट. दुसरीकडून अ‍ॅप घेण्याची जी मोकळीक तुम्हाला हक्काने हवी आहे, तुमच्या बाबांच्या खात्यातले पैसे गेले ते त्याच दाराने. हे नाकारून चालणार नाही. ती लग्नपत्रिका, ते आरटीओ चलन, ते गॅस बिल, सगळं एपीके म्हणून येतं, आणि उघडल्यावर एसएमएस वाचायची परवानगी मागतं, माणूस हो-हो करत जातो, की पुढे ओटीपी थेट चोराकडे. गूगलने २०२४ मध्ये भारतात प्ले प्रोटेक्ट या फोनमधल्या तपासणीतून अशी बाहेरून येणारी, एसएमएस किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचायची-चालवायची परवानगी) मागणारी अ‍ॅप अडवायला सुरुवात केली. ते मला योग्य वाटतं. पण मग ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर फक्त ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच अ‍ॅप घालता येतील, सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड आणि मग बाकी जग. लोक चिडले, तेव्हा नोव्हेंबरमध्ये म्हणाले की जाणत्या लोकांसाठी वेगळा मार्ग ठेवू. चोराला अडवायचं निमित्त धरून सगळ्यांच्या किल्ल्या एका कंपनीच्या खिशात जातात ती अशी. दोन्ही खरं आहे, चोरही आणि खिसाही, आणि या विषयावर जो कोणी तुम्हाला यातली एकच बाजू सांगेल त्याचं थोडं सावधपणे ऐका.

आता बाबा, कारण ते जास्त घाईचं आहे.

पहिलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलीत का ते तुम्ही लिहिलं नाहीत. केली नसेल तर आजच करा, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवरही नोंदवा, आणि बँकेला लेखी द्या, त्याची पोच घ्या. दुसरं, तो फोन फॅक्टरी रीसेट केला का? नुसतं अ‍ॅप काढून खात्री होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघा, अनोळखी काही दिसलं तर काढा, आणि बाबांच्या नंबरवरून तीच पत्रिका त्यांच्या मित्रमंडळींना गेलीये का हेही विचारा, असे प्रकार पुढे असेच पसरतात.

मग तुमच्या कुलपांकडे या. पैसे जायला तीन गोष्टी लागल्या: व्हॉट्सअ‍ॅपमधून अ‍ॅप इन्स्टॉल होऊ शकलं, त्याला एसएमएस वाचता आले, आणि यूपीआयला जोडलेल्या खात्यात मोठी रक्कम होती. तुम्ही बंद काय केलंत? प्ले स्टोअर, ज्याचा यात संबंधच नव्हता. सगळं यूपीआय, म्हणजे भाजी, रिक्षा, मेट्रोचं तिकीट, लाइटचं बिल. आणि सेटिंग्ज, म्हणजे बिचाऱ्यांना अक्षर मोठं करायचं तरी तुम्हाला फोन. भीतीपोटी केलंत हे समजतं, पण मूळ भोक बुजवलंत की नाही हेच तपासायचं राहिलं.

बुजवायचं असं. सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' नावाची यादी असते, त्यात व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांपुढे परवानगी बंद करा. प्ले प्रोटेक्ट चालू आहे ना बघा. परमिशन मॅनेजरमध्ये एसएमएस कोणकोण वाचतंय ते बघून फालतू सगळे उडवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं फोनमध्ये नाहीच, बँकेत आहे: पेन्शनचं खातं यूपीआयपासून तोडा, दुसरं एक साधं बचत खातं उघडा, त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे, आणि यूपीआय फक्त त्याला. पेन्शन खात्याचं नेट बँकिंग लागत नसेल तर तेही बंद. म्हणजे उद्या परत काही झालंच तरी जाऊन जाऊन जाणार किती.

यूपीआय सर्कल नावाची सोय पण आहे, २०२४ मध्ये आलेली, त्यात एकाच्या खात्यातून घरातला दुसरा माणूस पैसे देऊ शकतो, हवं तर दर वेळी मंजुरी घेऊन. बऱ्याच घरांना ती उपयोगी आहे. पण आयुष्यभर स्वतः कमावलेल्या माणसाला ७३ व्या वर्षी भाजीसाठी मुलाची मंजुरी मागायला लावणं, मी तरी लावणार नाही.

हे सगळं त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच बोटांनी करा. तुम्ही फोन हातात घेऊन पाच मिनिटांत उरकाल आणि परत तेच होईल. कुठली परवानगी का बंद करतोय हे एकदा कळलं की बंदच ठेवतात माणसं, सदाशिव पेठेतली माणसं तर दुसऱ्यालाही समजावून सांगतात. पासवर्ड ठेवायचाच असेल तर तो त्यांनी ठरवायचा आणि त्यांच्याकडेच राहायचा. त्यांना स्वतःहून वाटलं की एक प्रत मुलाकडे असावी तर देतील.

याला फक्त भावना म्हणून बाजूला टाकू नका, यात रोकडा हिशेब आहे. सायबर फसवणुकीत पैसे अडवायचे तर पहिले काही तास मोलाचे असतात, आणि ज्या माणसाला माहीत आहे की सांगितलं तर मुलगा उरलेला फोनही काढून घेईल, तो सांगेल का? तो गप्प बसेल आणि स्वतःच काहीतरी निस्तरायला जाईल, आणि तेवढ्यात दुसरा चोर 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' म्हणून फोन करेल. बाबांनी तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं होतं ना? मग ते सांगणं चालू राहील असं बघा.

आणि जर का कधी त्यांना विसरायला होतंय, तेच तेच विचारतायत, अशी खरी लक्षणं दिसली तर ही चर्चा वेगळी, तेव्हा डॉक्टर आणि बँक दोन्हींशी बोलून ठरवा. पत्रात तसं काही दिसत नाही. फसले म्हणजे म्हातारे झाले असं नसतं, आयटीतली पोरंही फसतात.

राहिला तुमचा फोन.

जाहिराती आणि नको ती अ‍ॅप यासाठी रूटची गरज नाही. आधी सेटिंग्जमध्ये लॉक स्क्रीन, वॉलपेपर, 'रेकमेंडेशन' असलं जे जे दिसेल ते बंद करा, बऱ्याच जाहिराती तिथेच मरतात. जी अ‍ॅप काढता येत नाहीत ती किमान 'डिसेबल' होतायत का बघा. तरी उरली तर फोन केबलने लॅपटॉपला जोडून, डेव्हलपर ऑप्शन्समधलं यूएसबी डिबगिंग चालू करून, एडीबी या लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देणाऱ्या टूलने ती तुमच्या युजरपुरती काढता येतात. युनिव्हर्सल अँड्रॉइड डीब्लोटर नावाचं मोफत टूल त्यासाठीच आहे, कुठलं अ‍ॅप काढणं धोक्याचं हेही ते सांगतं. बूटलोडरला हात लागत नाही, डेटा जात नाही, आणि पस्तावलात तर फॅक्टरी रीसेट केल्यावर सगळं परत येतं. केबल डेटावाली लागते, नुसती चार्जिंगची चालत नाही, तपकीर गल्लीत घेणार असाल तर तसं स्पष्ट सांगून घ्या. काम झालं की डेव्हलपर ऑप्शन्स बंद करायला विसरू नका, काही बँकांची अ‍ॅप ते चालू दिसलं तरी उघडायला नाही म्हणतात. शिवाय सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये, म्हणजे वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या सोयीत, जाहिराती गाळणारा एखादा सर्व्हर टाकलात तर अ‍ॅपमधल्याही बऱ्याच कमी होतात, अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे.

एवढ्याने तुमची चिडचिड बरीच उतरेल असा माझा अंदाज आहे. पण सिक्युरिटी अपडेट बंद झाले हा प्रश्न उरतो आणि तो खरा आहे, त्याला कस्टम रॉम हे खरंच एक उत्तर आहे. लिनिएजओएसच्या साइटवर अधिकृत फोनची यादी आहे, त्यात तुमचं नेमकं मॉडेल आहे का बघा. नसेल तर कुणीतरी कुठेतरी टाकलेली अनधिकृत फाइल घेऊ नका, बाबांनी एपीके उघडली त्यात आणि यात फार फरक उरत नाही. असेल तर किंमत ऐका: अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो. फोनमध्ये छेडछाड झालीये का या गूगलच्या तपासणीत फोन नापास होऊ शकतो आणि मग बँकेची, यूपीआयची अ‍ॅप कधी चालतात कधी नाही, आज चाललं तर पुढच्या अपडेटला बंद. बऱ्याच फोनमध्ये सिनेमे एचडीत दिसत नाहीत. सॅमसंग असेल तर नॉक्स या त्यांच्या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज कायमचा उडतो, परत मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी तो जुळत नाही. ऑफिसचं मेल फोनवर असेल तर त्यांची सिस्टिम अडवू शकते. आणि रॉम अँड्रॉइडची भोकं बुजवतं, पण चिपच्या कंपनीचं फर्मवेअर जुनं ते जुनंच राहतं, वर बूटलोडर उघडा राहतो, म्हणजे फोन कुणाच्या हातात पडला तर आत छेडछाड करणं सोपं.

बँकेने अशा फोनला नाही म्हणावं का? मला वाटतं म्हणू देत, त्यांची जोखीम आहे. पण मग साध्या ब्राउझरमधून सगळे व्यवहार करता यायला हवेत, अ‍ॅपशिवाय काही चालतच नाही ही जी सक्ती वाढत चाललीये ती बूटलोडरपेक्षा जास्त त्रासाची आहे, आणि त्याविरुद्ध बोलायला हवं. तुमच्या बँकेला तसं लिहा, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण नोंदवता येतं.

तुम्हाला हा एकच फोन असेल, त्यावरच पगार, यूपीआय, ऑफिस, तर आत्ता रॉम टाकू नका, साफसफाई करून वापरा. पुढचा फोन घ्याल तेव्हा दुकानात कॅमेऱ्याआधी दोन गोष्टी विचारा, सिक्युरिटी अपडेट किती वर्षं आणि बूटलोडर अधिकृतपणे उघडतो का. पिक्सेल ८ पासून गूगल आणि एस२४ पासून सॅमसंग आपल्या वरच्या मॉडेलना सात वर्षं अपडेट कबूल करतात, युरोपात तर जून २०२५ पासून किमान पाच वर्षांचा नियमच आलाय, स्वस्तातल्या फोनचं मात्र तपासूनच घ्यावं लागतं. दुकानदाराला माहीत नसेल, तरी विचारा. नवा आला की मग हा जुना खुशाल उघडा, त्यावर लिनिएज टाका, एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅपच्या दुकानातून अ‍ॅप घ्या, मोडला तर मोडला.

त्या दिवशी पुसायच्या आधी फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आणि ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधले लॉगिनचे कोड नव्या फोनवर हलवलेत ना, ते उघडून बघा. नुसतं 'बॅकअप झाला' या मेसेजवर विश्वास ठेवू नका. ऑथेंटिकेटर राहिला तर ऑफिसच्या सिस्टिममध्ये शिरायला आयटीवाल्यांच्या मागे फिरावं लागेल, आणि तुम्ही अकाउंट्सचे, तेव्हा मार्च एंडला तर हे काम अजिबात काढू नका.